हन्नाबाईचा आवाज

पेटीवरचं फडकं मी काढलं, तशी सुंदराबाईनं मागून येऊन माझं मनगट धरलं.

"पाळकीणबाई, ती राहू द्या," ती हळूच म्हणाली. "आमच्या चर्चमधी गात न्हाईत."

मला वाटलं, बाई थट्टा करतेय. आमच्या लोकांना एकवेळ कालवणात मीठ नसलं तरी चालतं, पण उपासनेत चार गायनं झाली नाहीत तर रविवार पचत नाही. शिवाय ती पेटी माझ्या माहेरची. बैलगाडीतून येताना ह्यांच्या पुस्तकांचं खोकं ओढ्यात भिजलं ते मी भिजू दिलं होतं, पण मांडीवरच्या पेटीला थेंब लागू दिला नव्हता. त्यावरून आमची वादावादीही झाली होती. आता पहिल्याच रविवारी कुणी येऊन पेटी उघडू नका म्हणतं, म्हणजे काय?

"का गात नाहीत?" मी विचारलं.

सुंदराबाई गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. भिणाऱ्यातली ती नव्हती. पण तिनं पुढच्या भिंतीकडं एकदा पाहिलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बायकांत जाऊन बसली.

ही गोष्ट कासारखडकची, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची. पाळक म्हणून ह्यांची ती पहिलीच नेमणूक. नगरकडच्या त्या आडगावात ख्रिस्ती मंडळी मूठभर, पण चर्च मात्र पक्कं, काळ्या दगडाचं. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर गावच्या खाणीतून स्वतः दगड फोडून, डोक्यावरून वाहून ते उभं केलं होतं. आत सतरंज्या, एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बाया. दारासमोर लिंबाचं झाड, आणि झाडाखाली फुटक्या जात्याच्या तळीवर एक उतारवयाची बाई बसलेली. उशीर झाला म्हणून आत यायला लाजत असेल, असं समजून मी तिला हातानं बोलावलं. तिनं नुसती मान हलवली आणि खाली पाहिलं.

उपासना सुरू झाली. ह्यांनी वाचन केलं, प्रार्थना केली. प्रार्थना संपायच्या आतच पहिल्या ओळीतून एक दणदणीत 'आमेन' आला. ते दाजीबा शिरसाठ, मंडळीचे थोरले पंच. दोन्ही कानांनी ठार बहिरे. प्रार्थना कुठं संपते ते कळत नसे, आणि मागं राहून हसं होण्यापेक्षा पुढं असलेलं बरं म्हणून ते सगळ्यांच्या आधीच आमेन म्हणून मोकळे होत. मला हसू आलं. ते दाबायला म्हणून मी पेटीचा भाता ओढला आणि एक साधं स्तुतीचं गायन धरलं.

कुणी तोंड उघडलं नाही. नव्या पाळकीणबाईची परीक्षा बघतात वाटतं, असं मनात आलं, आणि मी मुळातच हट्टी. एकटीनं पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्यासाठी श्वास घेतला, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो दुसऱ्याच कुणी म्हटला.

बाईचा आवाज होता. तरुण, मोकळा, नुकत्या घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा लख्ख. शब्द माझ्याच गायनाचे, पण चाल निराळी. जात्यावर बसून म्हणावी तशी, एका ओळीत दोनदा वळणारी. मी बायकांकडं पाहिलं. सगळ्यांचे ओठ मिटलेले, नजरा सतरंजीवर. आवाज पुढून येत होता, ह्यांच्या पाठीमागून, जिथं भिंतीशिवाय काहीच नव्हतं. पण मला घाम फुटला तो आवाजामुळं नव्हे. ती चाल मी जन्मात ऐकली नव्हती, आणि माझी बोटं तिच्यामागं पेटीवर आपोआप चालली होती.

मी भाता सोडला. आवाजानं हातातली ओळ पुरी केली आणि तोही थांबला. मंडळीत चुळबूळ नाही, कुजबूज नाही. घरातल्या दुखण्याची सवय व्हावी तसे सगळे बसून होते. फक्त दाजीबा दोन्ही तळव्यांनी कान दाबून, डोळे मिटून बसले होते. बहिऱ्या माणसानं कान कशाला दाबावेत, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी सांगून टाकलं की वारा पत्र्यात शिरला की असे आवाज होतात. मी विचारलं, वारा कडवी कधीपासून पाठ करायला लागला? हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "मार्था, मीही ऐकलंय. पण काहीतरी तर म्हणायला पाहिजे ना."

मला संशय होता तो बाहेर बसणाऱ्या बाईचा. पुढच्या रविवारी मी पेटीला हात लावला नाही. गायनाच्या वेळी सरळ उठून दारात गेले, उंबऱ्यावर उभी राहिले आणि तिच्याकडं तोंड करून गायला लागले. लख्ख उजेडात ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती म्हणा ना. तिचे ओठ मिटलेले. गळ्याची शीर हलत नव्हती. आणि आवाज आला तो माझ्या पाठीमागून, चर्चच्या आतून. पण तिचा चेहरा बघून माझं गाणं तुटलं. आपलं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात खेळतंय आणि आपल्याला तिकडं जायची बंदी आहे, अशा आईनं ऐकावं तशी ती ऐकत होती.

मी आत गेले, पुढच्या भिंतीला तळवा लावला. दगड बारीक थरथरत होता, दळताना जातं थरथरतं तसा. आणि कोमट होता.

त्याच दुपारी मी सुंदराबाईच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय मी उठत नाही. ती मटकी निवडत होती. निवडता निवडताच ती बोलायला लागली.

बाहेर बसणारी ती हन्ना, दाजीबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच पावसाळ्यांत नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. गळा असा की शेजारच्या वाडीतली माणसं उपासनेला यायची ती तिच्यासाठी. त्या वेळी दाजीबांना ऐकू यायचं, आणि गायनाचा पुढारीपणा त्यांच्याकडं होता. त्यांना गोऱ्या मिशनरी साहेबांच्या काळातल्या चाली येत, सरळ, शिस्तीच्या. ते गायन सुरू करायचे, आणि दुसऱ्या ओळीला हन्ना आपल्या जात्यावरच्या चालीत ते उचलायची. मंडळी दाजीबांना सोडून तिच्यामागं जायची. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला दुसरी चालच येत नव्हती. स्वतःही जोडायची. सुंदराबाईला त्यातली एक ओवी पाठ होती, ती तिनं न गाता, नुसती बोलून दाखवली:

*जातं फिरं गरागरा, दाणा दाण्याला सांगतो,*
*भुकेल्याच्या दारी माझा प्रभू उभा ऱ्हातो.*

एका रविवारी दाजीबा उठले, शास्त्र उघडलं आणि पौलाच्या पत्रातलं ते वचन भर मंडळीत वाचलं, की बायकांनी मंडळीत गप्प राहावं, त्यांना बोलण्याची परवानगी नाही. वाचून शास्त्र मिटलं आणि बहिणीकडं पाहिलं.

"मंग?" मी विचारलं. ऐकता ऐकता मीही तिच्यासारखीच बोलायला लागले होते.

"मंग काय. ती गप झाली."

"म्हणजे गायची थांबली?"

"बोलायची बी थांबली. त्या दिसापास्नं आजपातुर तिच्या तोंडातनं शबुद न्हाई. घरात न्हाई, दारात न्हाई. इंचू चावला तवासुदीक वरडली न्हाई. म्या डोळ्यांनी पाह्यलं." सुंदराबाईनं सूप खाली ठेवलं. "आन् पुढच्या रविवारी दाजीबानं गायन धरलं, तर आवाज हजर. दाजीबाला वाटलं हीच गाती. मागं वळून बघितलं, तर ही तोंड मिटून बसलेली. म्हून तिला भायेर बसवली. तरी आवाज आतच. त्येचं एक हाये पाळकीणबाई, आपण गायलं तरच त्यो येतो. म्हून आम्हीच गायचं सोडलं."

किती सोपा उपाय, मला वाटलं. एका बाईला गप्प केलं ते पचलं नाही म्हणून सगळ्यांनीच गप्प बसायचं. मला त्या अख्ख्या मंडळीचा राग आला, आणि रागाच्या भरात मी तडक दाजीबांच्या घरी गेले.

हन्नाबाई चुलीपुढं होती. दाजीबा पडवीत सुंभ वळत बसलेले. बहिऱ्याशी भांडायचं तरी कसं, हा विचार मी केलाच नव्हता. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं आणि आपणहून बोलू लागले, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, एकसुरी.

"बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही ऐकलाय त्यो. बाई, मला ढगाचा गडगडाट ऐकू येत न्हाई. म्हस हंबरती त्ये ऐकू येत न्हाई. कारभारीण गेली तवा पोरं रडत व्हती, मला नुसती तोंडं दिसली. पर कुनी गायलं की त्यो आवाज येतो. त्यो एकटाच येतो. कान दाबले तरी येतो."

हन्नाबाईनं गुळाच्या चहाची कपबशी माझ्यापुढं धरली. ती तिथंच उभी आहे, तिला सगळं ऐकू येतं आहे, ह्याची दाजीबांना फिकीर नव्हती. ते सांगत राहिले. सैतानानं त्यांच्या बहिणीचा आवाज चोरला होता आणि तो चर्चमध्ये ठाण मांडून बसला होता. त्यामुळं त्यांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेतली जात नव्हती, ताट पुढं आलं की ते तसंच पुढं सारत. पंचांचं ठरलं होतं. कापणीच्या सणाच्या दिवशी, भरल्या मंडळीत, पाळकांनी प्रार्थना करून तो आवाज कायमचा घालवून द्यायचा.

"मंग मी भाकर घिईन," दाजीबा म्हणाले, "आन् सुखानं डोळे मिटीन."

हन्नाबाई अजून कपबशी धरून उभी होती. मी ती घेतली, बाजूला ठेवली आणि निघाले. अंगणाच्या कडेला हन्नाबाई माझ्यामागं आली. मी तिला विचारलं, तो आवाज निघून जावा असं तुम्हालाही वाटतं का? तिनं इकडंतिकडं पाहिलं, माझा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

गळा थंडगार होता. चुलीपुढून उठून आलेल्या बाईचा गळा, आणि रांजणाखालच्या धोंड्यासारखा गार. बोटांखाली धुगधुगीसुद्धा लागत नव्हती. मला भिंतीचा तो कोमट दगड आठवला आणि मी हात झटक्यानं मागं घेतला. मग लाज वाटून पुन्हा तिचा हात धरला. जे तिथून हाकलायचं ठरलं होतं ते कुठून आलं होतं, आणि ते गेलं तर तिचं काय उरणार, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

सणाला थोडेच दिवस होते. मी ह्यांच्यामागं भुणभुण लावली. हे उपासाला बसले होते आणि भिजून फुगलेल्या पुस्तकांची पानं सोडवत उत्तरं शोधत होते. ते म्हणाले, शास्त्रच सांगतं, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या.

"मग पारखा ना," मी म्हटलं. "सैतान बसून प्रभूची स्तुती गातो, असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही."

"आणि बायकांनी गप्प राहावं हे?"

"ते लिहिलंय. पण त्याच पत्रात, चार पानं आधी, बायकांनी प्रार्थना करताना डोकं झाकावं असंही लिहिलंय. गप्पच राहायचं तर प्रार्थना कशी करणार? दाजीबांनी एकच पान वाचलं."

"मग हे त्यांना सांगा."

"त्यांना ऐकू येत नाही," हे म्हणाले, आणि पुढचं पान सोडवायला लागले.

थोड्या वेळानं त्यांनीच शमुवेलाच्या पुस्तकातली हन्ना काढली. देवापुढं प्रार्थना करताना तिचे ओठ हलत होते पण आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून याजकाला वाटलं बाई दारू प्यालेली आहे. आमची हन्ना त्याच्या उलट. आवाज ऐकू येत होता, ओठ हलत नव्हते. दोन्हीकडं चूक पाहणाऱ्याचीच, असं मी म्हटलं. हे हसले नाहीत. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सगळ्या पंचांच्या विरोधात उभं राहायला जी छाती लागते, ती ह्यांना पुढं आली. तेव्हा नव्हती.

सणाच्या सकाळी चर्च धान्याच्या वासानं भरून गेलं होतं. मेजापुढं बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, तांबडे भोपळे, टोपलीत अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा. दाजीबांनी पहिल्या खुडणीच्या कणसांची पाटी कुणाला उचलू दिली नाही, स्वतःच्या डोक्यावरून आणली आणि मेजापुढं ठेवली. हन्नाबाई बाहेर, जात्याच्या तळीवर.

त्या मंडळीची एक जुनी रीत होती. अर्पण उचलण्याआधी पाळकानं एकच उतारा वाचायचा, दरवर्षी तोच. तू आपलं दान वेदीपाशी आणलंस आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर ते दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. वाचून पाळकानं थोडा वेळ थांबायचं. कुणाला उठायचं असेल त्यानं उठावं. आजवर कुणी उठलं नव्हतं. तेवढ्या वेळात लोक खोकून घेत. ह्यांनी वाचलं, थांबले. लोक खोकले. दाजीबांना उतारा तोंडपाठ होता, ते समोर बघत बसले.

मग पंचांनी मला खूण केली. मी गावं, म्हणजे आवाज येईल, आणि तो आला की ह्यांनी घालवावा. मी सकाळीच पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली होती. मी मान हलवून नाही म्हटलं. हे माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. हा वेळ किती लांबला असता कोण जाणे, पण दाजीबांचा धीर सुटला. ते उठले आणि स्वतःच गायला लागले.

आपलाच सूर ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाचं गाणं. ओबडधोबड, मध्येच वर, मध्येच खाली, चाल साहेबांच्या काळातली. दुसऱ्या ओळीला आवाज आला. ह्या वेळी तो पुढं पळाला नाही. दाजीबांच्या बरोबरीनं राहिला, अडखळत्या म्हाताऱ्याला हाताशी धरून चालवावं तसं त्यांचा सूर सांभाळत राहिला. बायकांत कुणीतरी हुंदका दिला. दाजीबांनी कान दाबले, तरी ते गात होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ह्यांनी हात वर केला. प्रभूच्या नावानं त्यांनी त्या आवाजाला निघून जायची आज्ञा केली. 

आवाज ओळीच्या मध्येच गेला. आजवर तो ओळ पुरी करून थांबे. ह्या वेळी कणीस खुडावं तसा खुडला गेला. बांधलेला कोंबडाही निपचित झाला. मी भिंतीला हात लावला, दगड गार पडला होता.

तेवढ्यात बाहेर काहीतरी धपकन पडलं. दारातून मला दिसलं, हन्नाबाई तळीवरून खाली कोसळली होती. दोन्ही हात गळ्याशी, तोंड वासलेलं, आणि छाती हलत नव्हती. मी आणि सुंदराबाई धावलो. सुंदराबाईनं तिला कुशीवर वळवलं, जन्मलेलं पोर रडलं नाही की त्याची पाठ चोळतात तशी तिची पाठ चोळू लागली. हन्नाबाईचे ओठ निळे पडत चालले होते.

आत दाजीबांनी कानांवरून हात काढले होते. "गेला?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "गेला. काहीच ऐकू येत न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर आधी समाधान आलं, मी दारातून बघत होते. मग ते हळूहळू उतरलं. त्यांनी डोकं इकडं वळवलं, तिकडं वळवलं, अंधारात माणूस भिंत चाचपतो तसं. इतकी वर्षं ज्याला ते सैतान म्हणत होते, तेवढाच एक आवाज त्यांच्या जगात उरला होता. आता आत काहीच नव्हतं. त्यांनी लोकांच्या तोंडांकडं पाहिलं. सगळे दाराकडं बघत होते. मग त्यांनीही पाहिलं.

मेजापुढची आपली पाटी ओलांडून ते बाहेर आले. उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबले नाहीत. बहिणीजवळ मातीत गुडघे टेकले.

"हन्ने," ते म्हणाले. "तुला शास्त्रानं गप केलं न्हाई. म्या केलं. लोकं मला सोडून तुझ्यामागं गायची, त्ये मला सोसलं न्हाई. वचन म्या माझ्यासाठी वाचलं, देवासाठी न्हाई." त्यांचा मोठा, एकसुरी आवाज अख्ख्या मंडळीला ऐकू जात होता, आणि त्यांना तो कमी करता येत नव्हता. "त्वांड उघड, बये. मला माफ करू नको हवं तर. पर त्वांड उघड."

हन्नाबाईच्या घशातून कोरड्या रहाटासारखा करकर आवाज निघाला आणि श्वास आत गेला. मी तिच्या गळ्याला हात लावला. ऊब यायला लागली होती.

तिनं भावाकडं पाहिलं. ओठ हलले. "दादा," ती म्हणाली. दाजीबांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि मातीत बसल्या जागी ते लहान पोरासारखे रडले.

त्यांनीच तिला उठवलं, हाताला धरून उंबऱ्याच्या आत आणलं आणि पुढच्या भिंतीशी बसवलं, आवाज जिथून यायचा तिथं. मग आपली कणसांची पाटी उचलून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्या दिवशी ह्यांनी नंतर प्रवचन केलं नाही, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं प्रवचन, असं मी त्यांना पुढं कैक वर्षं चिडवत आले.

हन्नाबाई गायली. जात्याची तीच ओवी. पण तो आवाज नव्हता. तो लख्ख, तरुण आवाज गेला तो गेलाच, त्या भिंतीतून पुन्हा कधी आला नाही. हा एका म्हाताऱ्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या गळ्याचा आवाज होता. फाटका, घोगरा, ओळीच्या वळणावर अडकणारा. पहिल्यांदा सुंदराबाईनं तिच्यात सूर मिसळला, मग बाया, मग बाप्ये. मी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली, आणि ती चाल माझ्या बोटांना अगोदरच येत होती.

दाजीबा बहिणीशेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. ओठ हलताना दिसत होते. त्यांनी कान पुढं केला, मग दुसरा कान केला. मग माझ्याकडं वळले.

"पाळकीणबाई," त्यांनी विचारलं, "गाती का ती?"

मी मान हलवली.

"पयल्यावानीच?"

मी पुन्हा होकारार्थी मान हलवली. ते खोटं होतं की खरं, हे मी आजपर्यंत ठरवलेलं नाही.

दाजीबांनी आपला हात हन्नाबाईच्या पाठीवर ठेवला, पंजा पसरून, दळण चालू आहे का ते जात्याला हात लावून बघतात तसा, आणि डोळे मिटून घेतले. मंडळीनं ओवी संपवली. सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं. दाजीबा अजून बसूनच होते. मग हन्नाबाईची पाठ हाताखाली थांबली, तेव्हा त्यांना कळलं, आणि सगळ्यांच्या नंतर, एकटेच, ते आमेन म्हणाले.